घराची हवा: एक्झॉस्टच्या पॉइंटपासून पहिल्या पावसापर्यंत

११ जून २०२४. इलेक्ट्रिशियन विटांच्या भिंतीवर खडूने खुणा करत होता. एसीचे पॉइंट झाले, गीझरचे झाले, मग त्याने विचारलं, "ताई, एक्झॉस्ट कुठे काढू?" नकाशात तर एक्झॉस्टचा उल्लेखच नव्हता. बाथरूमना व्हेंटिलेटर दाखवलेले होते, बाकी खिडक्या होत्या. दोन्ही स्लॅब तोवर पडले होते. हा प्रश्न पहिल्या स्लॅबच्या आधी पडायला हवा होता, आणि तो उशिरा पडल्याची किंमत पुढे मोजावी लागली.

पुण्याच्या आंबेगावात दोन गुंठ्यांवर तळमजला अधिक एक असं घर, आतलं क्षेत्र साधारण १४५० चौरस फूट, तीन बेडरूम, तीन बाथरूम. कात्रज-देहूरोड बाह्यवळण जवळच, त्यामुळे रस्त्याकडच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या की फरशीवर बोटाने नाव लिहिता येतं. मच्छर संध्याकाळी साडेसहाला हजर. म्हणजे "खिडकी उघडली की झालं की," हे गवंड्याचं म्हणणं पुण्यात पूर्वी खरं होतं, आता अर्धंच खरं आहे. त्यात नव्या घरांच्या खिडक्यांना रबराचं सील असतं, आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. दारं-खिडक्या बंद करून झोपलं की ताजी हवा यायला वाटच उरत नाही.

पहिले दोन आठवडे नुसतं मोजमाप केलं. अमेरिकेत घरांसाठी वापरतात तो ठोकताळा हाताशी असला की बरं पडतं: चौरस फुटांना ०.०३ ने गुणा, बेडरूमच्या संख्येत एक मिळवून तिला ७.५ ने गुणा, आणि दोन्हींची बेरीज करा. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा यात येतं. आमचं आलं ४३.५ अधिक ३०, म्हणजे ७३.५ सीएफएम, तासाला सुमारे १२५ घनमीटर. एवढी हवा सतत बदलली तर चार-पाच माणसांचं घर कोंदट होत नाही. बाथरूममधून अंघोळीच्या वेळी ५० सीएफएम, म्हणजे ८५ घनमीटर बाहेर जायला हवं. हे आकडे वहीत नसतील तर दुकानदार सांगेल तो फॅन घ्यावा लागतो.

आधी फुकटात मिळणारी हवा बघितली. इको निवास संहितेत, म्हणजे घरांची ऊर्जा वाचवण्यासाठीच्या आपल्याकडच्या नियमावलीत, खिडकीचा उघडणारा भाग खोलीच्या क्षेत्राच्या किती टक्के असावा ते हवामानाच्या प्रकारानुसार दिलंय, ८.३३ ते १६.६६ टक्के. मोजायचा तो उघडणारा भाग, चौकट नव्हे. आमच्या १८० चौरस फुटांच्या हॉलला ६ बाय साडेचारची खिडकी होती, म्हणजे २७ चौरस फूट. कागदावर १५ टक्के, पण दोन काचा आणि एक जाळी अशा स्लायडिंगमध्ये उघडते निम्मीच, म्हणजे ७.५ टक्के. तीच खिडकी दारासारखी उघडणारी केली तर सुमारे ९० टक्के मोकळी होते. वरच्या मजल्यावरच्या चार खिडक्या आम्ही तशा केल्या, फरक ३८,००० रुपये. यात एक मेख आहे: लोखंडी ग्रिल बाहेरून बसवायची आपली सवय असते आणि खिडकी उघडतेही बाहेरच. ग्रिल आतून घ्यावी लागली, जाळी त्याच्याही आत, गुंडाळता येणारी. फॅब्रिकेटरला ऑर्डर देण्याआधी हा क्रम कागदावर काढून द्या.

आर्किटेक्टने तेव्हा एक गोष्ट बजावली. मंजूर नकाशातल्या खिडक्यांच्या तक्त्यात जे व्हेंटिलेटर आहेत ते बुजवायचे नाहीत. भोगवटापत्राच्या पाहणीत तक्ता आणि जागा जुळवून बघतात. उघडण्याची पद्धत बदलली, माप तेच राहिलं, तर आमच्या बाबतीत सुधारित नकाशा लागला नाही. चार इंची पाईपच्या भोकांनाही कोणी हरकत घेतली नाही. तुमचा भाग कोणत्या प्राधिकरणात येतो ते बघून आपल्या आर्किटेक्टकडून हे आधीच लेखी घ्या.

जुलैत कोटेशनं मागवली. तीन आली, तिसऱ्यासाठी २३ दिवस आणि सात फोन लागले. त्यातलं सर्वांत देखणं होतं ईआरव्हीचं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेचा गारवा आणि थोडा दमटपणा येणाऱ्या हवेशी अदलाबदल करणारं यंत्र. २,३५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २,७७,३००. एचआरव्ही हा त्याचा भाऊ, तो फक्त उष्णतेची देवाणघेवाण करतो. कल्पना उत्तम आहे. बर्फ पडतो त्या देशांत तिच्याशिवाय भागत नाही. पण पुण्याचा हिशेब करून बघा.

मे महिन्याची दुपार, बाहेर ३९ अंश, आत एसीने २६. फरक १३. तासाला १२५ घनमीटर गरम हवा आत घेतली तर तिच्याबरोबर साधारण अर्धा किलोवॅट उष्णता येते. यंत्राने तिच्यातली ७० टक्के अडवली, म्हणजे ३५० वॅट. एसी तेवढी उष्णता बाहेर टाकायला वीज खातो शंभरेक वॅट. आणि यंत्राचे स्वतःचे दोन पंखे खातात ६० ते १००. तीही दुपार वर्षातले साठ दिवस, दिवसाचे चार-पाच तास. मे महिन्यातही रात्री बाहेरचं तापमान पंचविशीच्या आसपास उतरतं, मग अदलाबदल करायला उरतंच काय? पावसाळ्यात त्याने घर कोरडं राहील, असंही विक्रेत्याने सांगितलं. हे चूक आहे. आत एसी चालू असेल तेव्हा येणारा दमटपणा ते थोडा कमी करतं, स्वतः हवेतलं पाणी काढत नाही. शिवाय यंत्राची उंची जवळपास एक फूट, म्हणजे पॅसेजचं छत तेवढं खाली. ते कोटेशन बाजूला ठेवलं. चोवीस तास एसीत राहणाऱ्या घराचं गणित वेगळं येईल.

२० ऑगस्टला ठरलं ते असं: बेडरूममध्ये गाळलेली हवा हलक्या दाबाने आत सोडायची, बाथरूम आणि स्वयंपाकघरातून बाहेर काढायची, आणि मधल्या प्रवासासाठी दारांखाली फट ठेवायची. मार्च ते मे रात्री खिडक्या उघडून जिन्याच्या वरच्या हेडरूमच्या झडपा सोडायच्या. हॉलच्या खिडकीपासून तिथवर साडेसहा मीटरची उंची मिळते, गरम हवा आपसूक वर निघून जाते. सकाळी नऊच्या आत सगळं बंद. याला एक रुपया लागत नाही, फक्त हेडरूमला पक्की काच बसवू नका.

हवा आत घेण्याची जागा ठरवायला मात्र आख्खा रविवार गेला. रस्त्याची बाजू बाद. चिमणीचं तोंड आणि बाथरूमचे निकास यांपासून किमान दहा फूट लांब हवं. ड्रेनेजचा व्हेंट पाईप गच्चीवर उघडतो, त्याच्या जवळ नको. शेजारी पालापाचोळा कुठे जाळतात तेही बघा, संध्याकाळी उभं राहून. शेवटी पूर्वेची भिंत, जमिनीपासून चौदा फुटांवर.

पाईप म्हणून आम्ही सांडपाण्याचाच एसडब्ल्यूआर पीव्हीसी वापरला: मुख्य ओळ १६० मिमी, फाटे ११० मिमी. आतून गुळगुळीत, रबर रिंगचे सांधे, कोणत्याही प्लंबरला जमणारं काम. ॲल्युमिनियमचा लवचिक पाईप झटपट लागतो, पण त्याच्या चुण्यांत हवा अडते, आणि दोन आधारांमध्ये तो झोळीसारखा लोंबतो. त्या झोळीत अंघोळीची वाफ पाणी होऊन साचते आणि एक दिवस फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाईपला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार, बाहेरच्या दिशेने. गवंडी सवयीने तो सपाट बसवतो, लेव्हल ट्यूब घेऊन उभं राहा. वळणाला एक नव्वदचा एल्बो नको, पंचेचाळीसचे दोन घ्या. स्वयंपाकघराच्या चिमणीला मात्र पीव्हीसी लावू नका, तिथे तेल आणि उष्णता असते. ॲल्युमिनियम किंवा जीआयचाच, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा.

१४ सप्टेंबरला कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने भिंतीत गोल भोकं पाडणं, झालं. सात भोकं, प्रत्येकी ११०० रुपये. विटांच्या भिंतीत दहा मिनिटांचं काम. इथेच उशिराची किंमत कळली: चिमणीच्या सहा इंची पाईपच्या वाटेत बीम आला. बीम किंवा कॉलमला कोअर मारायचा नसतो, सळई तुटते. स्लॅबच्या आधी ठरलं असतं तर आरसीसी सल्लागाराच्या परवानगीने त्या जागी पीव्हीसी पाईपचा तुकडा (स्लीव्ह) टाकून काँक्रीट ओतता आलं असतं, खर्च दोनशे रुपये. आता पाईप बीमखालून न्यावा लागला आणि स्वयंपाकघराचं छत सात इंच खाली आलं. कंत्राटदाराने सुचवलेला उपाय होता, "चार इंची करू, चालतंय." चालत नाही. सहाचा चार केला की वाट निम्म्याहून कमी होते, आवाज वाढतो आणि धूर हॉलमध्ये येतो.

ऑक्टोबरअखेर दिवाळी, मजूर तीन आठवडे गावी. हा खोळंबा आमच्या पथ्यावर पडला. नव्या घराच्या काँक्रीट, विटा आणि गिलाव्यात हजारो लिटर पाणी असतं आणि ते बाहेर पडायला पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा काळ. बाहेरची कोरडी थंड हवा आत येऊन तापली की तिची पाणी उचलायची ताकद वाढते. रंगाऱ्याला घाई होती. आम्ही दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून चोवीस तास ठेवला, आत थेंब दिसले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो कोरडा निघाला, तेव्हा पुट्टी लावली. तोवर सगळी दारं-खिडक्या दिवसा सताड उघडी. सुताराला कपाटं पश्चिमेच्या भिंतीपासून दोन सेंटिमीटर सोडून बसवायला सांगितलं, पावसाची झड त्याच भिंतीवर येते आणि बुरशी कपाटामागे धरते.

जानेवारीत फॅन आणले, बहुतेक तपकीर गल्लीतून. फॅनच्या खोक्यावरचा आकडा समोर काही अडथळा नसतानाचा असतो. साधा पात्यांचा एक्झॉस्ट भिंतीतल्या भोकात छान चालतो, पण पाईप आणि दोन वळणं लावली की तो नुसता गरगरतो. पाईपसाठी मिक्स्ड फ्लो इनलाइन फॅन लागतो, म्हणजे पाईपच्या मधेच बसणारा आणि दाबाने हवा ढकलणारा. दुकानात "किती पास्कलला किती हवा?" असं विचारा (पास्कल हे दाबाचं माप) आणि आलेख मागा. आलेख देता आला नाही तर पुढचं दुकान. १०० मिमीचे तीन घेतले, प्रत्येकी ४,२००, बाथरूमसाठी. बेडरूमच्या हवेसाठी १५० मिमीचा, कमी वीज खाणाऱ्या ईसी मोटरचा एक, १४,५००. तो मंद गतीवर चोवीस तास चालतो. त्याच्या आधी फिल्टरचा डबा, ९,०००. डब्यात पुढे धुता येणारी जाड जाळी, मागे बारीक फिल्टर, जी४ आणि एफ७ या दर्जाचे. विक्रेते हेपा, म्हणजे याहूनही बारीक फिल्टर, लावा म्हणतात, पण हेपातून हवा ढकलायला जो दाब लागतो तो असल्या फॅनकडे नसतो.

फॅन आणि पहिल्या फाट्यामध्ये एक मीटरचा आवाज शोषणारा अस्तरवाला पाईप हवाच. प्रत्येक बेडरूमच्या फाट्यालाही अर्धा मीटर द्या, नाहीतर एका खोलीतलं बोलणं पाईपमधून दुसऱ्या खोलीत स्वच्छ ऐकू जातं. सासू-सासरे शेजारच्या खोलीत असतील तर हा खर्च टाळू नये. फॅनखाली रबरी पॅड, आणि फॉल्स सीलिंगमध्ये फॅन नि डबा दोन्हींखाली दीड फुटी चौकोनी झाकण. आमच्या सीलिंगवाल्याने ते एक फुटाचं केलं होतं. हात जात होता, डबा निघत नव्हता. पुन्हा कापलं.

८ फेब्रुवारी २०२५ला चाचणी केली. यंत्र न विकत घेता करता येते: १२० लिटरची कचऱ्याची पिशवी फुगवून तोंड एक्झॉस्टच्या जाळीवर धरायचं आणि रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. लिटरला सेकंदांनी भागा, ३.६ ने गुणा, तासाचे घनमीटर मिळतात. वरची दोन्ही बाथरूम पाच सेकंदांत, म्हणजे ८६. खालचं बाथरूम चौदा सेकंद, म्हणजे ३१. कंत्राटदाराने तिथे आमचा इनलाइन न बसवता स्वतःकडचा सहा इंची साधा पंखा चार मीटरच्या पाईपला जोडला होता. बदलल्यावर साडेचार सेकंद. पाईपच्या आतला परतझडपेचा, म्हणजे हवा उलटी येऊ न देणारा, पडदाही उलटा बसवलेला निघाला. त्यावर बाण असतो, तो हवेच्या दिशेने हवा. बाहेरच्या टोपीला आठ-दहा मिलिमीटरची जाळी द्या. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी महिन्याभरात धुळीने बंद होते, आणि जाळीच नसेल तर पारवे तिथे संसार मांडतात.

वरच्या बाथरूममध्ये आणखी एक खोड सापडली. फॅन चालू असताना व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्या उघड्या ठेवल्या की त्याच्यातूनच हवा आत येते आणि तिथूनच बाहेर जाते, शॉवरची वाफ जागच्या जागी. पट्ट्या बंद, दाराखाली १२ मिलिमीटर फट, आणि फॅन दारापासून सर्वांत लांब. सुताराने दाराला खाली रबर लावून ठेवलं होतं, ते काढलं. दिवा बंद केल्यावर पंधरा मिनिटं फॅन चालू ठेवणारा टायमर तीन ठिकाणी लावला, प्रत्येकी ९००.

गॅसबद्दल जरा थांबून सांगायला हवं. खालच्या बाथरूममध्ये प्लंबरने गॅस गीझरचा पॉइंट काढून ठेवला होता. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. एक्झॉस्ट लावल्याने धोका टळत नाही, कधी वाढतो, कारण फॅन खोलीत ओढ निर्माण करतो आणि जळलेला वायू धुराड्यातून बाहेर जाण्याऐवजी आत येतो. पॉइंट मागच्या उघड्या जागेत हलवला. स्वयंपाकघरात पाईप गॅसच्या तपासणीला आलेल्या माणसाने कायम उघडी जाळी मागितली. पाईपचा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून ती छताजवळ. सिलिंडरचा जड, त्याला जमिनीलगत लागते. आम्ही दोन्ही ठेवल्या.

भोगवटापत्राचा अर्ज ३ मार्च, पाहणी १५ मार्च, पत्र २१ एप्रिल. एकदा "व्ही-२ दिसत नाही" म्हणून त्या व्हेंटिलेटरचा फोटो पुन्हा मागितला, तो काचेमागे होता. वास्तुशांत ३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. चिमणी आणि खिडक्या सोडून हवेचा एकूण खर्च ७०,७८०, त्यात मजुरी ९,००० आणि पाईप ६,४८०.

त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच आला. जुलैत घरात आर्द्रता ७६-७८ टक्के दाखवायची आणि मन खट्टू व्हायचं. पण बाहेर २४ अंश आणि ९० टक्के असताना तीच हवा आत येऊन २७ अंशांची झाली की ७५ टक्क्यांच्या आसपासच दिसणार. वायुवीजन आपण निर्माण केलेली वाफ काढतं, आभाळातली नाही. टॉवेल वाळत नाहीत ते नाहीतच, त्याला एसीचा ड्राय मोड. भिंतीला बुरशी मात्र कुठेही धरली नाही.

फॅन बंद ठेवून एक रात्र मोजली: बेडरूम १२ बाय ११, दोन माणसं, एसी चालू, सकाळी कार्बन डायऑक्साइड २,२८० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग. बाहेर साधारण ४२० असतो. दुसऱ्या रात्री खोलीत तासाला ५० घनमीटर सोडले, सकाळी ९६०. मीटर घेताना एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या सेन्सरचाच घ्या, तेव्हा तो साडेसहा हजारांच्या आसपास होता. दीड हजाराचे मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज सांगतात, फोडणी दिली की ते घाबरतात.

पुढची जाळी पावसाळ्यात दोन महिने टिकली, डिसेंबरात तीन आठवड्यांत काळी झाली. बारीक फिल्टर सहा महिन्यांनी बदलला, जोडी २,४००. थंडीत खिडक्या बंद असताना चिमणी पूर्ण गतीवर लावली की तिला हवा कुठून तरी हवीच असते, आणि ती खालच्या पाहुण्यांच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे पाणी साचवून गटाराचा वास अडवणाऱ्या जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यातून आली. वापर नसल्याने ट्रॅपमधलं पाणी सुकलं होतं, घरभर गटाराचा वास. आता चिमणी लावताना ओट्यासमोरची खिडकी चार बोटं उघडतो, आणि दर शनिवारी त्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओततो.